बाप म्हणजे भात
(आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमिलनात ऑगस्ट २०२४ मध्ये केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सूत्रसंचालकांनी मला ‘तायक्वांदो आणि जीवन’ असा विषय दिला होता. तो मी बाजूला ठेवतो. कारण सकाळपासून नाश्त्याच्या टेबलावर मला एकच प्रश्न विचारला जातो आहे : “बाकी सोड, तिथं खाल्लं काय?” आणि त्याला जोडून दुसरा, हसत हसत : “कुत्रं त नाही न चारलं बे पोरांना?”

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही. कुत्र्याच्या मांसाचा धंदा बंद करणारा कायदा दक्षिण कोरियाच्या संसदेनं याच वर्षी जानेवारीत केला आणि २०२७ पासून त्याची अंमलबजावणी होणार आहे. तिथल्या तरुण पोरांना आपण हे विचारलेलं आवडतही नाही. आपल्याला कोणी बाहेरगावी “चंद्रपूर? म्हणजे तुमच्या अंगणात वाघ येतो का?” असं विचारलं की आपण जसं तोंड करतो, तसं ते करतात. (आपल्या बाबतीत उत्तर कधी कधी ‘हो’ असतं, ते वेगळं.)

पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल. शिवाय मला हिशेबही द्यायचा आहे. मे महिन्यात आमच्या क्लबची अकरा मुलं कोरियाला सरावासाठी गेली. त्यातल्या एका मुलीचा सगळा खर्च या सभागृहात बसलेल्यांनी वर्गणी काढून उचलला. ती एटापल्ली तालुक्यातली, आश्रमशाळेत शिकणारी. नाव घेत नाही, तिला ते आवडणार नाही. तिचा पासपोर्ट काढताना जन्माच्या दाखल्यापासून पोलीस पडताळणीपर्यंत किती चकरा झाल्या, ते सांगत बसलो तर जेवण थंड होईल. तिकीट हातात आलं ते निघण्याच्या नऊ दिवस आधी. पैसे तुमचे होते, म्हणून ते कुठे गेले हे तुम्हाला कळलं पाहिजे.

निघण्याआधी पालकांची बैठक घेतली. मला वाटलं होतं, विमान, पासपोर्ट, दुखापत यावर चर्चा होईल. दोन तास फक्त जेवणावर गेले. अकरा मुलांत एक माळकरी घरातला, गळ्यात तुळशीची माळ, मासळीसुद्धा चालत नाही. एक मुसलमान मुलगा, त्याला डुकराचं चालत नाही आणि बाकीचं मटण हलाल पाहिजे. तिघांच्या घरी गाईचं नको. एकीला अंडं चालतं पण दिसलेलं चालत नाही, म्हणजे केकमध्ये चालतं. बाकीच्यांचे आईबाप म्हणाले, “आमचं काही नाही सर, पण पोट बिघडलं त?” परिणाम असा झाला की नागपूर विमानतळावर वजन केलं तेव्हा दोबोक आणि पॅडपेक्षा चिवडा, शेव, मेथीच्या दशम्या, जवसाची चटणी आणि मिरचीचा ठेचा यांचंच वजन जास्त भरलं. एटापल्लीच्या पोरीच्या पिशवीत फक्त एक डबा होता. त्यात काय आहे हे तिनं दाखवलं नाही.

तायक्वांदो शिकणाऱ्या मुलांना कोरियन येतं, असं लोकांना वाटतं. येतं, पण सगळं लाथांचं. हाना, दुल, सेत, नेत म्हणत चंद्रपुरातली पोरं शंभरापर्यंत मोजतील, चारयोत म्हटलं की सावधान उभी राहतील, दोल्यो चागी म्हटलं की पाय फिरवतील. पण ‘मीठ द्या’ म्हणता येणार नाही. पहिला जेवणाचा शब्द आम्हाला सोलमध्ये मिळाला. कुक्कीवॉन पाहून खाली उतरलो होतो. हे जागतिक तायक्वांदोचं मुख्यालय, १९७२ साली बांधलेलं, गांगनामच्या टेकडीवर. आपल्या ब्लॅक बेल्टच्या प्रमाणपत्रावर त्याच जागेचं नाव असतं. मुलं तिथं देवळात शिरल्यासारखी हळू बोलत होती. खाली आल्यावर जिथं जेवायला बसलो तिथल्या बाईंनी विचारलं, “बाप मोगॉस्सॉयो?” आमची पोरं दचकली. बाप कशाला विचारते ही? दुभाष्या मुलगा म्हणाला, बाप म्हणजे भात. आणि भात म्हणजेच जेवण. तिथं ओळखीच्या माणसाला भेटल्यावर विचारतात, भात खाल्लास का?

आता सांगा, आपल्या झाडीपट्टीत दुसरं काय विचारतात? सिंदेवाही, नागभीड, मूल, ब्रह्मपुरी कुठंही जा, दारात पाय ठेवला की “जेवन झालं का जी?” आणि जेवण म्हणजे भातच. पोळी असली तर ती पाहुणी. ज्या तालुक्यातल्या नांदेड गावात दादाजी खोब्रागड्यांनी एचएमटी तांदळाचं वाण निवडून काढलं, त्या नागभीडचा एक मुलगा आमच्यात होता. त्यानं कोरियन भाताचा पहिला घास घेतला आणि निकाल दिला, “चिकट आहे, पन दाना चांगला आहे.” सिरोंच्याकडच्या मुलीला आणखी मजा वाटली. तिथं आईला ओम्मा म्हणतात आणि हिच्या तेलुगू घरात अम्मा.

पण पहिले तीन दिवस अवघड गेले, हे लपवत नाही. तिथं शाकाहार म्हणजे ‘मांसाचे तुकडे न दिसणं’. सूप भाजीचं, पण त्याचं पाणी वाळलेल्या बारीक मासळीचं. किमची कोबीची, पण आंबवताना त्यात मासळीचा रस किंवा खारवलेली कोळंबी. आमचा माळकरी ताटात सात वाट्या मांडलेल्या असताना कोरडा भात, समुद्री शेवाळाचा पापड आणि घरचा चिवडा खात होता. माळ काढून ठेव, असं त्याला तिथं कोणी म्हटलं नाही, मीही नाही. तो दिवसाला पाच तास सराव करत होता आणि माझा जीव त्याच्या पोटात अडकला होता.

तिखटाबद्दल मात्र सगळी भीती फुकट गेली. लालभडक ताट पाहून मी पोरांना सावध केलं होतं. त्यांची मिरची रंगाला जहाल, चवीला गोडसर. भिवापुरी मिरचीवर वाढलेल्या पोरांनी किमचीवर घरचा ठेचा घालून खाल्ला, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे कोरियन आजोबा उठून पाहायला आले. त्यांनी बोटाच्या टोकावर ठेचा घेतला आणि पुढची पाच मिनिटं पाणी प्यायले. तरी जाताना बोटं एकाला एक लावून ‘थोडा द्या’ म्हणाले. मिरची त्यांच्याकडंही बाहेरूनच आलेली, चारेकशे वर्षांपूर्वी. आपल्याकडं पोर्तुगीजांनी आणली. दोन्ही देशांनी तिला इतकं आपलं केलं की तिच्यावाचून आजीचा स्वयंपाक आठवत नाही.

चौथ्या दिवशी आम्ही मुजूला गेलो. डोंगरातला, जंगलातला जिल्हा. तिथं २०१४ साली तायक्वांदोवॉन नावाचं मोठं केंद्र उघडलं आहे. सोलहून बसनं अडीच-तीन तास. इमारती संपल्या, डोंगर सुरू झाले आणि आमच्या एटापल्लीच्या मुलीनं पहिल्यांदा खिडकीला नाक लावलं. तोपर्यंत ती चार शब्दांवर बोलली नव्हती.

एका दुपारी सरावाला सुट्टी होती. यजमान प्रशिक्षकांनी आम्हाला डोंगराच्या पायथ्याच्या एका खानावळीत नेलं. तिथलं जेवण रानभाज्यांचं. मे महिना म्हणजे तिकडं रानभाज्यांचा हंगाम. जमिनीवर मांडी घालून बसलो, समोर बुटकं मेज. त्यावर लहान लहान पंधरा-वीस वाट्या. त्यांना ते बानचान म्हणतात, संपलं की पुन्हा वाढतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. कुठल्या वाटीत कोवळे कोंब, कुठल्यात मुळं, कुठल्यात वाळवून पुन्हा भिजवलेलं नेचं, ज्याला ते गोसारी म्हणतात. बहुतेक भाज्या उकडून, पिळून, तिळाचं तेल आणि मीठ लावलेल्या. मुलं चॉपस्टिक्सनं टोचून पाहत होती. एवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, “सर, हे त वास्ता आहे न जी!”

बांबूचे कोंब होते. शहरातल्या मित्रांना सांगतो, वास्ता म्हणजे पावसाळ्यात बांबूच्या बेटातून वर येणारा कोवळा कोंब. आज सकाळी गोल बाजारात गेला असाल तर टोपलीत पाहिलाही असेल. कोरियन त्याला जुकसुन म्हणतात. मुलीनं वाटी स्वतःकडं ओढली, खाल्लं, थोडा वेळ चावत राहिली आणि म्हणाली, “पानी टाकलं यायनं बरोबर.” मग ती उठून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. खाणाखुणांनी तिनं त्या बाईंना विचारलं : कापता कसं? उकळता किती वेळा? पहिलं पाणी फेकता ना? बाईंनी हात धरून तिला आत नेलं. मग अंगणात नेलं. तिथं चटईवर गोसारी वाळत होती. बाईंनी कच्ची गोसारी तोंडाजवळ नेऊन पोट दुखल्याचा अभिनय केला, मग उकळण्याचा, मग पाणी फेकण्याचा, मग भिजवण्याचा. आमची पोरगी मान हलवत होती, जणू चुलत मावशीकडं आली आहे. जंगलातलं अन्न खायचं तर कडूपणा आणि विष काढायची विद्या लागते. ती दोघींकडं होती. शब्द एकही सामाईक नव्हता.

बाहेर येऊन तिनं पिशवीतला तो डबा उघडला. त्यात वाळवलेला वास्ता आणि मोहफुलं होती. आजीनं दिलेली, ‘तिकडं भात त मिळनच, संग लागते काहीतरी’ म्हणून. बाईंनी मोहाचं एक फूल चावलं, डोळे मिटले आणि आत जाऊन एक तपकिरी वडीची ताटली आणली. दोतोरीमुक, ओकच्या झाडाच्या फळांच्या पिठाची वडी. चवीला फिकी, वर सोयाचा रस. दुभाष्यानं सांगितलं, हे पूर्वी भुकेचं अन्न होतं. धान्य संपलं की डोंगरात जाऊन ही फळं गोळा करायची. साठलेला तांदूळ संपलेला आणि सातू अजून पिकलेला नाही, त्या वसंतातल्या उपासमारीला त्यांच्या भाषेत ‘सातूची टेकडी’ म्हणतात. ती टेकडी चढून पार व्हायचं. १९५०-५३ च्या युद्धानंतरही कित्येक वर्षं ती चढावी लागली.

समोर बसलेल्या गुरुजनांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. सुकडी आणि मिलो आठवत असतील. मोह काय होता हे भामरागड, एटापल्लीकडच्या घरांना सांगावं लागत नाही. वर्षातले काही आठवडे मोहावर काढणारी घरं आपण पाहिली आहेत. फरक एवढाच की दोतोरीमुकचे त्या दिवशी आम्ही चांगले पैसे मोजले आणि मोहफुलं खाणाऱ्याला आपल्याकडं अजून ‘बिचारा’ म्हणतात, नाहीतर थेट दारूचं नाव घेतात.

इथं थोडं थांबतो, कारण हे बोलणं फार गोड होऊ शकतं. कोरियन लोक आधी श्रीमंत झाले आणि मग त्यांना गरिबीचं जेवण चविष्ट लागायला लागलं, असंही म्हणता येईल. पोट भरलेल्याला रानभाजी आवडणं सोपं आहे. गडचिरोलीतल्या कुपोषणाच्या बातम्या आपण वाचतो, तिथं ‘तुमचं जंगलचं अन्न किती पौष्टिक’ असं भाषण द्यायला मी जाणार नाही. पण त्यांनी एक गोष्ट केली. पैसा आल्यावरही हे पदार्थ फेकले नाहीत. हिवाळ्याच्या तोंडावर सगळा मोहल्ला मिळून किमची घालतो, त्या प्रथेची २०१३ साली युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. शहरातल्या घरांत किमचीसाठी वेगळा फ्रीज असतो. आपल्याकडं वास्त्याचा वास येतो म्हणून वसतिगृहाच्या खोलीत डबा उघडू देत नाहीत.

त्या जेवणातली आणखी एक गोष्ट. मेजाच्या मध्यभागी सोयाबीनच्या आंबवलेल्या गोळ्याची, दोएनजांगची आमटी उकळत आली. एकच मातीचं भांडं. दुभाष्या म्हणाला, शहरात कोरोनापासून पळी आणि वेगळ्या वाट्या देतात, पण इथं जुनीच पद्धत. सगळ्यांनी आपापला चमचा त्यातच बुडवायचा. आमच्या मेजावर शांतता पसरली. उष्टं! अकरा घरांतून आलेली, अकरा प्रकारचं शिकून आलेली पोरं. कोणाच्या घरी कोणाचं चालतं आणि कोणाचं नाही, हे मला पालकांच्या बैठकीत न विचारताही कळलं होतं. सर्वांत मोठ्यानं आधी चमचा उचलायचा असा तिथला रिवाज, म्हणून सगळे माझ्याकडं पाहत होते. मी चमचा बुडवला. मग नागभीडच्या पोरानं, मग एकेकानं. आमटीत मासळीचं पाणी होतं म्हणून माळकरी थांबला, एवढंच.

आपल्या वेळी वर्गात डबे उघडले की कोण कुठं बसायचं, हे या सभागृहात सगळ्यांना आठवतं. वसतिगृहातली मुलं झाकण अर्धं उघडून खायची. आणि आपल्या बाईंनी दर शनिवारी गोल करून, डबे मध्ये ठेवून जेवायला लावलं, तेव्हा काही घरांतून चिठ्ठ्या आल्या होत्या, हेही आठवतं. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, ते भांडं पाहून मला तुमचा शनिवार आठवला.

माळकऱ्याचं पोट भरलं ते १५ मे ला. त्या दिवशी कोरियात बुद्धजयंती होती. आपली बुद्धपौर्णिमा २३ ला होती, त्यांची तिथी चौथ्या चांद्रमासाची अष्टमी असल्यानं आठवडाभर आधी. आम्ही डोंगरातल्या एका बुद्धमंदिरात गेलो. झाडांना कागदाचे कमळकंदील टांगले होते आणि आलेल्या प्रत्येकाला भिक्खूंकडून जेवण होतं, बिबिमबाप. भातावर पाच-सहा भाज्या, वर लाल मिरचीचा लगदा, सगळं कालवून खायचं. मंदिराच्या स्वयंपाकात मांस नाही, मासळी नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. वर्ज्य पाच तीव्र वासांच्या पदार्थांत जुने ग्रंथ हिंगही धरतात, पण तो कोरियात मिळतच नाही, त्यामुळे पाळायला सोपा. आमच्या माळकऱ्यानं तीन वाडगे खाल्ले. तिसऱ्याला वाढणाऱ्या आजी हसायला लागल्या. आमच्यातल्या चार मुलांनी तिथं त्रिसरण-पंचशील म्हटलं. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी आपल्या चंद्रपुरात दीक्षा दिली, हे त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलेलं आहे. ते त्यांनी दुभाष्याकडून भिक्खूंना सांगितलं. भिक्खूंनी चंद्रपूर हा शब्द दोनदा म्हणून पाहिला.

त्याच मंदिरामागं एक छोटं देऊळ होतं, डोंगराच्या देवाचं. चित्रात पांढऱ्या दाढीचा म्हातारा आणि त्याच्या पायाशी वाघ. “हा त आपला वाघोबा!” असं तिघं एकदम म्हणाले. मग दुभाष्यानं त्यांची मूळकथा सांगितली. अस्वल आणि वाघ, दोघांना माणूस व्हायचं होतं. देवानं सांगितलं, गुहेत राहा, शंभर दिवस फक्त लसूण आणि एक कडू रानपाला खा. वाघाला ते जमलं नाही, तो पळून गेला. अस्वलानं नेटानं खाल्लं, ती बाई झाली, आणि तिचा मुलगा कोरियाचा पहिला राजा. म्हणजे त्यांचा देशच रानभाजीवर उभा आहे! मुलं हसली. ब्रह्मपुरीकडचा मुलगा हसला नाही. कोरियाच्या दक्षिणेत आता रानात वाघ उरलेला नाही, तो चित्रात आणि ऑलिम्पिकच्या बोधचिन्हात आहे. या पोराच्या गावातली बाई दोन वर्षांपूर्वी मोहफुलं वेचायला गेली आणि परत आली नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोह, मे मध्ये तेंदूपत्ता, आणि आपल्या जिल्ह्यात त्या दिवसांत वर्तमानपत्र उघडायची भीती वाटते. त्यानं चित्रातल्या वाघाला नमस्कार मात्र केला.

योगायोगानं १५ मे हा तिथला शिक्षक दिनही असतो. कोरियन लिपी देणाऱ्या सेजोंग राजाचा तो जन्मदिवस मानतात. संध्याकाळी मुलांनी मला न सांगता लाल कार्नेशनची फुलं आणली. एक मी ठेवलं. बाकीची त्यांनी यजमान प्रशिक्षकांना, दुभाष्याला आणि खानावळीतल्या बाईंना नेऊन दिली.

आता हिशेब. वर्गणीतून तिकीट, विमा, राहणं आणि गरम कपडे झाले, पावत्या बाहेरच्या टेबलावर फाईलमध्ये आहेत, पाहून घ्या. अकरा हजार चारशे रुपये उरले आहेत. ते तुमच्या परवानगीनं मी आमच्या पावसाळी शिबिराच्या स्वयंपाकाला वापरतो आहे. वजनगटात बसण्यासाठी उपाशी राहणारी आणि मग उधारीवर प्रोटीनचे डबे आणणारी मुलं माझ्याकडं आहेत. शिबिरात या वर्षी अंडी, डाळ, भात आहेच, पण आठवड्यातून दोन दिवस भाजी एटापल्लीची पोरगी सांगेल ती होते. गेल्या आठवड्यात तरोटा केला, तो अर्ध्या मुलांनी टाकला. वास्ता सगळ्यांनी खाल्ला. भांडं एकच ठेवावं का, यावर मात्र अजून दोन पालक माझ्याशी बोलत नाहीत.

आज आपल्या जेवणात डाव्या बाजूच्या दुसऱ्या पातेल्यात वास्त्याची भाजी आहे. ती तिनं आणि तिच्या आजीनं पहाटे उठून केली आहे. दोघी मागं उभ्या आहेत, पुढं यायला तयार नाहीत. पाणी बरोबर टाकलेलं आहे. भात वाढून घ्या.